घोड्याच्या पाठीवर हात फिरवायला लाज कसली?



घोड्याला मालिश म्हटलं की आपल्याकडं दोन तऱ्हेची माणसं बोलायला लागतात. एक म्हणतो, "इथं माणसाचे पाय चेपायला कोणी मिळंना अन् हे चालले घोडं चोळायला. रेसकोर्सवाल्यांचे चोचले आहेत हे." दुसरा म्हणतो, "मालिशनं सगळं जातं. लंगडणं जातं, वात जातो, डॉक्टरची गरजच नाही." दोघंही चुकीचं बोलतात. पण मला राग येतो तो पहिल्याचा. कारण मालिशला हसणाऱ्या ह्याच माणसाच्या खिशात बऱ्याच वेळा सुई असते. घोडी जरा आखडून चालायला लागली की हा मेडिकलवर जातो, माणसाचं दुखण्याचं इंजेक्शन आणतो, घोडीच्या मानेत टोचतो आणि तासाभरात तिला वरातीत उभी करतो. त्याला तो इलाज म्हणतो. दहा मिनिटं हात फिरवला तर ते चोचले.

म्हणून आज द्राक्ष, कांदा बाजूला ठेवून ह्यावरच लिहितो.

आधी हे सांगतो की हे खूळ बाहेरून आलेलं नाही. खरारा हा शब्द कुठून आला? पागा, मोतद्दार, नालबंद, खोगीर हे सगळे शब्द आपल्या भाषेत आहेत, कारण ही कामं आपल्याकडं रोज होत होती. मोतद्दाराचं कामच हे की घोडं आलं की आधी फिरवून थंड करायचं, घाम पुसायचा, खरारा करायचा, मग हातानं अंग रगडायचं, आणि सगळ्यात शेवटी दाणा. आपण 'खोगीरभरती' हा शब्द आता शिवी दिल्यासारखा वापरतो, बिनकामाचं काहीतरी कोंबलं म्हणून. पण खोगिरात भर नसली तर घोड्याची पाठ फाटते हे ज्याला ठाऊक होतं त्याला त्या भरतीची किंमत कळत होती. आपल्याला आता शब्द तेवढा राहिला, घोड्याची पाठ गेली.

बैलाचं तर सगळ्यांना माहीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण करतो. कोमट पाण्यानं खांदा शेकायचा, हळद आणि तूप किंवा लोणी लावून मळायचा, दुसऱ्या दिवशीचं आवतण द्यायचं. विदर्भात त्याला खांद शेकणं म्हणतात. ही मालिश नाही तर काय आहे? वर्षभर जू वाहून खांद्याची कातडी निबर झालेली असते, खाली सूज असते, ती हाताला लागते. जुन्या माणसांनी तो दिवस सणात घालून ठेवला म्हणून निदान एक दिवस तरी होतो. माझं म्हणणं एवढंच की जे बैलाला वर्षातून एकदा करतो त्याला आपण संस्कृती म्हणतो, आणि तेच घोड्याला रोज केलं तर हसतो. असं का?

नाशिक रोडच्या माणसानं तर हसूच नये. स्टेशनपासून नाशिक गावात जायला इथं घोड्यांची ट्राम होती. १८८९ च्या सुमाराची गोष्ट. चार घोडे डबे ओढायचे, आठ-दहा किलोमीटर, स्टेशनपासून पार मेनरोडपर्यंत. मधे सगळं रान. पुढं तिला इंजिन लागलं आणि १९३० नंतर थोड्याच वर्षांत ती बंदही पडली. त्यानंतर कितीतरी वर्षं टांगे होते. आमच्या लहानपणी स्टेशनबाहेर टांग्यांची रांग लागायची ती मी पाहिलेली आहे. संध्याकाळी टांगेवाला घोडं सोडायचा आणि गवताचा पीळ घालून केलेला बोळा घेऊन त्याचं अंग घासत बसायचा. कोणी त्याला थेरपी म्हटलं नाही. उद्या घोडं चाललं नाही तर चूल पेटणार नाही एवढा साधा हिशोब होता.

हे काम आपण सोडलं कशामुळं, तर मला दोन कारणं दिसतात. पहिलं कारण, घोडीच कमी झाली. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या गणनेत ती तीन लाख चाळीस हजारांच्या घरात आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. जनावर गेलं की त्याची विद्याही जाते. दुसरं कारण बोलायला जरा कडू आहे. घोडं चोळणं हे कायम हलकं काम मानलं गेलं. मालक वर बसणारा आणि मोतद्दार खाली राबणारा. ज्याचे हात घोड्याला लागत होते त्याला मान नव्हता, पगारही नव्हता. त्याच्या पोरानं ते काम सोडलं, बरोबरच केलं. आता तेच काम परदेशातून इंग्रजी नाव घेऊन येतं, त्याचं सर्टिफिकेट मिळतं, आणि शहरातला माणूस त्याला पैसे मोजतो. तेव्हा आपण म्हणतो, बघा काय खूळ निघालंय.

आता मूळ मुद्दा. मालिशनं होतं काय?

घोडं म्हणजे वजनाच्या मानानं सगळा स्नायूचा गठ्ठा. पाठीच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून कमरेपर्यंत जाड पट्टे असतात. स्वार बसतो तो त्यांच्यावरच. खोगीर एका बाजूला दाबत असेल, स्वार एका कुल्ल्यावर बसत असेल, किंवा पुढच्या पायाच्या खुरात दुखत असेल म्हणून घोडं भार मागं टाकत असेल, तर तो पट्टा एका बाजूला दोरीसारखा ताठतो. वरून दिसत नाही. घोडं बोलत नाही. पण तळवा सपाट ठेवून मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत सावकाश नेला की कळतं. एका बाजूला हात मऊ जातो, दुसऱ्या बाजूला अडखळतो. कुठं कातडी थरथरते, कुठं घोडं पाठ खाली दाबून सुटायला बघतं. कुठं हाताला गरम लागतं. ही तपासणी कुठल्या मशीननं तुमच्या गोठ्यात होत नाही. रोज हात फिरवणाऱ्याला ती फुकट मिळते.

म्हणजे मालिशचा पहिला फायदा घोड्याला नाही, मालकाला आहे. त्याला कळतं. ट्रॅक्टरचं तेल किती तासांनी बदलायचं हे आपण दारावर खडूनं लिहून ठेवतो. ग्रीस मारताना कुठला बुश खेळतोय ते हाताला लागतं, म्हणून तर ड्रायव्हरवर सोडत नाही, स्वतः मारतो. जनावराला तेवढा तरी हात लागू द्या.

दुसरा फायदा घोड्याचा. कळपात घोडी एकमेकांचं अंग खाजवतात ते पाहिलं असेल. दोघं तोंडं उलटी करून उभी राहतात आणि मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथं, दातानं कुरतडतात. तीच जागा का? फ्रान्समधल्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये घोड्यांच्या हृदयाचे ठोके मोजून दाखवलं की त्याच जागी खाजवलं की ठोके कमी होतात, दुसरीकडं खाजवलं तर तेवढे होत नाहीत. म्हणजे घोडं निवांत होतं. ढोल, डीजे, फटाके आणि लाईटच्या माळा ह्यांतून पाच तास उभी राहून आलेल्या लग्नातल्या घोडीला ह्याची गरज आहे का नाही, तुम्हीच सांगा.

पण दुसऱ्या माणसालाही सोडायचं नाही, जो मालिशनं सगळं बरं करतो. मालिशनं रक्तातलं विष निघतं, ॲसिड निघून जातं, असं सांगणारे भेटतात. पळाल्यावर स्नायूत जे ॲसिड तयार होतं ते घोडं नुसतं चालवलं तरी थोड्या वेळात आपोआप जातं. त्याला कोणाच्या अंगठ्याची गरज नसते. तुटलेली कंडरा मालिशनं जुळत नाही. सांध्याचा आजार जात नाही. खुराचा दाह जात नाही. पशुवैद्यक मित्र म्हणतात की मालिशवरचे अभ्यास थोडे आहेत आणि लहान आहेत. बरोबर आहे त्यांचं. मी मालिशला औषध म्हणतच नाही. भाकरीला तरी कोण औषध म्हणतं?

आणि कुठं हात लावायचा नाही हे ज्याला ठाऊक नाही त्यानं मालिश करूच नये. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतात. नुसते हाड, कातडी आणि कंडरांचे दोर. पोटरी समजून तिथं कोणी जोर लावून रगडत असेल तर तो सुजलेल्या दोरावर रगडतोय. तिथं हात फक्त फिरवायचा, गरम आहे का, गाठ आहे का, दोन्ही पाय सारखे आहेत का एवढं बघायचं. मणक्याच्या हाडावर दाब द्यायचा नाही. ताजी सूज, जखम, ताप, पोटदुखी असेल तर मालिश नाही. पोटदुखीत तर वेळच घालवू नका. घोड्याला उलटी करता येत नाही, आत काही अडकलं तर ते जिवावर येतं.

एक आजार मुद्दाम सांगतो. कारण त्यात मालिश करायचा मोह होतो आणि तोच घात करतो. घोडं दोन दिवस बांधून ठेवलं, दाणा मात्र कामाच्या दिवसाइतकाच घातला, आणि तिसऱ्या दिवशी एकदम पळवलं. थोडं पळतं आणि मागचा भाग लाकडासारखा ताठतो. घाम फुटतो, पाऊल टाकत नाही, लघवी तांबूस-काळी होते. इंग्रज लोक त्याला सोमवार सकाळचा आजार म्हणायचे, कारण गाडीचे घोडे रविवारी बसून खायचे. इथं स्नायू तुटत असतात आणि त्याचा रंग लघवीतून पडत असतो, मूत्रपिंडावर भार येतो. चोळायचं नाही, चालवायचं नाही, आहे तिथंच उभं ठेवायचं, अंगावर कांबळं टाकायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. मागच्या भागात ताठ आलंय म्हणून रगडत बसलात तर वरातीमागून घोडं नाही, घोड्यामागून वरात निघेल.

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, ह्याचं उत्तर लहान पोरालाही येतं. न फिरवल्यानं. दिवसभर सहा फुटांत बांधून ठेवलेल्या घोड्याला संध्याकाळी बदामतेलानं चोळलं तरी उपयोग नाही. आधी फिरवा.

आता सुईकडं येतो. ह्यात माझा राग आहे तो लपवत नाही.

दुखणं थांबवणारं इंजेक्शन दुखणं बरं करत नाही. ते दुखतंय हे सांगणारी तार कापतं. डॉक्टर जेव्हा देतो तेव्हा सोबत विश्रांती सांगतो, पाणी सांगतो, किती दिवस ते सांगतो. आपण विश्रांती गाळतो आणि सुई तेवढी घेतो. मागं आमच्या शिवाराच्या पलीकडं एक घोडी होती. गाड्यापुढं पळायची, चांगली हिंमतवान. पुढच्या डाव्या पायाला नळीच्या मागं बोटाएवढी सूज आली होती. हात लावला असता तर आंधळ्यालाही कळली असती. मैदान दोन दिवसांवर. कोणीतरी सांगितलं, एक टोचा, पळेल. टोचलं, पळाली, पहिली आली, फेटे उडाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाय जमिनीला टेकत नव्हता. दोर तुटायला आला होता. अशा जखमेला सहा महिने ते वर्ष लागतं आणि तरी पहिला पाय परत येत नाही. घोडी विकली गेली. कुठं गेली विचारू नका.

सूज आहे म्हणून ती घोडी दुखत होती, आणि दुखत होती म्हणून पाय जपत होती. तिचं जपणंच आपण काढून घेतलं. बक्षिसाची रक्कम आपल्या खिशात आणि पाय तिचा.

त्यात परत तहानलेल्या, घामानं निथळलेल्या घोड्याला ही औषधं दिली की मूत्रपिंडाला मार बसतो, पोटात व्रण पडतात. जास्त दिवस दिली की व्रणांचा धोका वाढतो. हे मी डॉक्टरकडून ऐकून सांगतो, मनचं नाही.

आणि हे फक्त त्या घोडीपुरतं थांबत नाही. डायक्लोफेनॅक हे नाव प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. कंबर दुखली की आपण तेच घेतो. हेच औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडतात. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या अभ्यासातून हे उघड झालं. तोवर आपल्याकडची बहुतेक गिधाडं संपली होती, काही जाती शंभरातल्या पाचसुद्धा उरल्या नाहीत. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवायला बंदी केली. मग लोक माणसांची मोठी बाटली जनावराला टोचायला लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिच्या वर नको असा नियम आला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक जनावरांसाठी बंद केलं. त्यानंतर निमेसुलाइडवरही गदा आली. मेलोक्सिकॅम गिधाडांना चालतं, तेच डॉक्टरकडून मागा.

हे लांबचं वाटतंय का? आपल्या जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखातं आणि गावकरी मिळून मेलेली जनावरं गिधाडांसाठी ठेवतात. तिथल्या आदिवासी बांधवांनी गिधाडं जपायची, आणि आपण इकडं बंदी आलेलं औषध टोचून जनावर रानात फेकून द्यायचं. लाज वाटायला पाहिजे ती ह्याची वाटत नाही, घोड्याच्या पाठीवर हात फिरवायची वाटते.

काही बैलगाडावाले मित्र म्हणतील, तुम्ही शर्यतीच्या विरोधात आहात. मी नाही. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी कायदा वैध ठरवला, तेव्हा पेढे मीही खाल्ले. पण कोर्टात आपण काय सांगितलं होतं? की आम्ही बैलाला लेकरासारखं वाढवतो, त्याला त्रास देत नाही. मग ते खरं करून दाखवायची जबाबदारी आपली आहे. मैदानात घोडी आणायची आणि मैदानाच्या कडेला झाडामागं सुई भरायची, ह्याचा व्हिडिओ एखाद्या दिवशी त्याच कोर्टात जाईल. तेव्हा बोंबलून उपयोग नाही. मुंबईच्या व्हिक्टोरियांचं २०१५ ला काय झालं ते आठवा. हायकोर्टानं मौजेच्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या. तिथं घोड्यांची आणि तबेल्यांची जी हालत होती तिनंच मालकांच्या विरोधात साक्ष दिली. पोट गेलं ते गरीब गाडीवानांचं.

सारंगखेड्याच्या यात्रेतही हेच पाहतो. दत्तजयंतीला तापीकाठी एवढा मोठा घोडेबाजार भरतो, लाखांत व्यवहार होतात. गिऱ्हाईक काय बघतं? रंग बघतं, उंची बघतं, कानाची टोकं जुळतात का बघतं, भोवरी कुठं आहे बघतं. भोवरीवरून सौदा मोडलेला मी डोळ्यानं पाहिलाय. पण पाठीच्या दोन्ही बाजूंनी हात नेऊन बघणारा शंभरात एखादा. कपाळावरची भोवरी घोड्याला कधी लंगडं करत नाही. दुखरी पाठ करते.

त्या मानानं आपल्याकडं दिवाळीनंतर धनगरांचा वाडा येतो तेव्हा त्यांची तट्टं बघा. शेतात मेंढ्या बसवायला आपण त्यांना बोलावतो, त्यांच्या तट्टांकडं कोणाचं लक्ष नसतं. अंगानं लहान, पण सगळा संसार पाठीवर. कोंबड्या, भांडी, वर एखादं लेकरू. मुक्कामाला आली की बाया आधी ओझं उतरवतात, पाठीवर हात फिरवून कुठं घासलंय का बघतात, मग स्वतः पाणी पितात. भीमा खोऱ्यातल्या ह्याच घोड्याला, भीमथडीला, आता कुठं स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली. तो टिकवला कोणी? रेसकोर्सनं नाही.

पुढच्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या गावात घोड्यांना फार काम पडणार आहे. २०२७ चा सिंहस्थ येतोय. मिरवणुका निघतील, आखाड्यांचे घोडे येतील, भाड्याचे येतील. सगळा डांबरी आणि काँक्रीटचा रस्ता, गर्दी, आवाज. ज्यांच्याकडं घोडी आहेत ते आतापासून भाव ठरवत असतील. त्यांच्यासाठी पुढचं लिहितो, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

घोडं कामावरून आलं की बसायचं नाही, पंधरा मिनिटं हातात धरून चालवायचं. पाणी एकदम बादलीभर नको, थोडं थोडं पण लगेच द्यायचं. जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोट लावलं की नाडी लागते. निवांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ पडते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत थांब्यावर ठरावीक वेळात ती ६४ पर्यंत खाली आली नाही तर घोडं बाद करतात. तुमचं घोडं अर्ध्या तासानंतरही त्याच्या वर असेल तर चोळायचं नाही, सावली, पाणी आणि डॉक्टर. अंग पुसून कोरडं झालं की खरारा मांसल भागावरच, हाडावर नाही. मग हात. मानेच्या वरच्या पट्ट्यापासून सुरुवात, मानेच्या बुडाशी ती निवांत करणारी जागा आहे तिथं जरा जास्त वेळ, मग खांदा, पाठीच्या दोन्ही बाजू, कंबर, पुठ्ठा, मांडीचा मागचा भाग. आधी हलका, मग तळव्याच्या टाचेनं गोल गोल, मग परत हलका. दोन्ही बाजूंना सारखा वेळ. एकूण दहा ते पंधरा मिनिटं. घोडं खालचा ओठ लोंबवतं, डोळे अर्धे मिटतं, तोंड चघळल्यासारखं करतं म्हणजे बरोबर चाललंय. कान मागं टाकले, शेपूट फटकारली, पाठ खाली दाबली की तिथं दाब कमी करा आणि ती जागा लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच जागा परत दुखली तर खोगीर उलटं करून भर बघा. तिसऱ्या दिवशी डॉक्टर. मागं उभं राहून मांडी चोळू नका, बाजूला अंग लावून उभं राहा. घोडं कितीही गरीब असलं तरी लाथ गरीब नसते.

जिल्ह्याबाहेरून आलेल्या घोड्याला आपला खरारा आणि ब्रश लावू नका. ज्या घोड्याच्या नाकातून चिकट पू येतो, पायावर किंवा अंगावर गाठी येऊन फुटतात, त्याला तर हातच लावू नका. ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो, आणि कायद्यानं तो कळवणं बंधनकारक आहे. १९६२ ह्या नंबरवर फोन केला की फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो.

राहिलं तेल. मागच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी कुठलं तेल विचारलं होतं. घोड्याला मालिशसाठी तेल लागत नाही. केसांत तेल बसलं की धूळ धरते, वरून खोगीर ठेवलं की सरकतं आणि घासतं. कोरडा हात पुरे. मिरची, कापूर, टर्पेन्टाइन घातलेली तेलं तर कातडी भाजतात, फोड आले की लोक म्हणतात आतला वात बाहेर पडला. वात वगैरे काही नाही, भाजलंय ते. खुरांना लावायचं असेल तर वेगळी गोष्ट, ते नालबंदाला विचारा. आमच्या भागात नालबंदही आता एक-दोनच उरलेत, त्यांचे नंबर कोणाकडं असतील तर एकमेकांना द्या.